ड्राइव्हशाफ्टची दुरुस्ती घरी: हत्यारं हप्त्यावर घ्यावीत का?

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: 2013 ची वॅगनआर, रोजची 40 किलोमीटर धाव. ड्राइव्हशाफ्टवरचा, म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यावरचा, डाव्या चाकाकडचा रबर बूट (सांध्याचं आवरण) फाटला आहे, रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालं आहे आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कट-कट आवाज येतो. सर्व्हिस सेंटरने दोन्ही शाफ्ट नवे टाकायचे 21,800 रुपये सांगितले. गॅरेजवाला फक्त डावा बदलायचे 8,900 म्हणतो: शाफ्ट 6,200, मजुरी 1,800, ऑइल आणि नट 900. वाचकाचा विचार मात्र 14,500 ची हत्यारं क्रेडिट कार्डावर सहा हप्त्यांत घेऊन बूट आणि ग्रीस स्वतः बदलण्याचा आहे. अडीअडचणीसाठी 60,000 बाजूला आहेत.

हत्यारं हप्त्यावर घेऊ नका, आणि डावी बाजू नुसत्या बूट-ग्रीसवर निभावून नेऊ नका.

बूट फाटला की ग्रीस बाहेर जातं, धूळ-पाणी आत येतं आणि सांध्यातले (जॉइंटमधले) छर्रे ज्या खाचांतून फिरतात त्या खाचा खरवडल्या जातात. तुम्हाला ऐकू येतो तो आवाज या झिजेचा आहे. नवं ग्रीस भरल्यावर तो थोडे दिवस दबेल, पण झिजलेलं पोलाद भरून येत नाही. म्हणजे 650 चं बूट-ग्रीसचं किट, नवा नट, ऑइल असे दीडेक हजार घालून काही महिन्यांनी तोच शाफ्ट पुन्हा काढायचा. जॉइंट रस्त्यात निखळला तर सगळा जोर त्याच बाजूला वाया जातो, गाडी जागची हलत नाही, आणि टोइंगचा खर्च वेगळा.

आता हिशेब. शाफ्ट घरी बदलून वाचते ती फक्त मजुरी, 1,800. म्हणजे 14,500 वसूल व्हायला हेच काम नऊ वेळा करावं लागेल. वर 16 टक्के दराने सहा महिन्यांचं व्याज साधारण 680, प्रोसेसिंग फी आणि दोन्हींवर 18 टक्के जीएसटी धरला तर हजारभर रुपये अधिक. विम्याकडून आशा ठेवू नका. झिरो डेप (भाग जुना म्हणून रक्कम न कापणारा विमा) असला तरी झीज त्यात बसत नाही. 21,800 चा पर्यायही सोडा. 2028 मध्ये गाडीची नोंदणी संपेल, फेरनोंदणीला फी आणि पर्यावरण कर येईल, आणि उजव्या बाजूची काही तक्रारच नाही.

तेव्हा 60,000 मधून 8,900 काढा, पुढचे सहा महिने दीड-दीड हजार परत भरा. याच गाडीने कामावर जाता, म्हणजे ही अडचणच आहे. जुना शाफ्ट नव्याशेजारी ठेवून लांबी, स्प्लाइनचे (टोकाच्या खाचांचे) दाते आणि एबीएसची (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) रिंग जुळते का ते बघा, मगच जुना भंगारात द्या.

घरी करायचंच असेल तर सगळं घोडं अडतं ते चाकाच्या मधल्या नटाशी. तो गाडी चाकांवर उभी असतानाच सैल करायचा, आधी नटाची दाबलेली कड टोच्याने उचलून. मग जॅकच्या जोडीला स्टँड लावायचा. नुसत्या जॅकवर काम म्हणजे जिवाशी खेळ. खालच्या बॉल जॉइंटचा बोल्ट काढून नकल (चाकाचा हब धरणारा भाग) बाजूला ओढा. स्ट्रटचे (शॉकॲब्सॉर्बरचे) बोल्ट सोडलेत तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) हलतो आणि अलाइनमेंटचे पैसे बसतात. शाफ्ट धरून ओढला तर आतला ट्रायपॉड (गिअरबॉक्सकडचा तीन रोलरचा सांधा) निखळतो, म्हणून गिअरबॉक्सच्या तोंडाशी पहार अडकवून उचकटा. ऑइल सांडतंच, खाली ट्रे ठेवा. सील ओरखडला की गळती कायमची. आतल्या टोकाची सर्क्लिप (शाफ्ट अडकवून ठेवणारी तारेची कडी) नवी घाला, शाफ्ट खट् करून बसला का बघा. नट नवाच, मॅन्युअलमधल्या टॉर्कला (ठरलेल्या जोराला) आवळून कड पुन्हा दाबा. शाफ्ट काढलेला किंवा नट ढिला असताना गाडी ढकललीत तर हब बेअरिंग जातं. शेवटी गिअरऑइलची पातळी बघा. यासाठी जॅक, पहार, टोचा अशा नेहमीच्या हत्यारांखेरीज स्टँडची जोडी, लांब दांड्याचा पाना, योग्य सॉकेट आणि टॉर्क रेंच पुरे. तुमच्या 14,500 च्या यादीतलं बाकीचं गाळा, आणि हे चारही रोखीने, जमेल तसे घ्या.

उजवा बूट शाबूत आहे, तो उघडू नका. दर पाच हजार किलोमीटरला टॉर्च मारून घड्या तपासा. चीर दिसली पण ग्रीस आतच असेल आणि आवाज नसेल, तर तेव्हा 650 चं किट घरी बसवणं खरोखर परवडेल. या गाडीत चाकाकडचा जॉइंट सहसा उघडत नाहीत. आतला ट्रायपॉड खुणा करून काढायचा आणि बूट त्या बाजूने सरकवायचा, स्प्लाइनवर टेप गुंडाळून. किटमधलं पाकीट त्याच जॉइंटमध्ये पूर्ण रिकामं करा. बेअरिंगचं साधं ग्रीस चालत नाही. लहान क्लॅम्प (बूट आवळणारी पट्टी) आवळण्याआधी बुटाच्या कडेत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून हवा सोडा, नाहीतर बूट फुगून किंवा पिळून बसतो आणि तिथेच फाटतो.