नवऱ्याला नोकरी सोडून नर्स व्हायचंय

"ताई, मी पुण्याची, नवरा फिलिपिनो, कॅलिफोर्नियात डेली सिटीतच वाढलेला, अकाउंटंट आहे. त्याच्या आजीच्या शेवटच्या आजारपणात अंघोळीपासून सगळं यानेच केलं आणि तेव्हापासून नर्सिंगला जायचं म्हणतोय. सासूबाई स्वतः रिटायर्ड नर्स पण त्याच नको म्हणतात, आणि माझी आई फोनवर विचारते, जावई नर्स होणार? मलाही भीती वाटते."

अगं, आईचं आधी बघू. ऑपरेशन झाल्यावर रात्रभर सिस्टरच्या भरवशावर राहायचं आणि घरातलं कुणी नर्स होतो म्हटलं की नाक मुरडायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. आईला तसं स्पष्ट सांग आणि विषय संपव.

सासूबाईंचं मात्र शांतपणे ऐकून घ्या. फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात होतं तेव्हा अमेरिकनांनीच तिथे त्यांच्या पद्धतीची नर्सिंग स्कूलं काढली, मग १९४८ पासून एक्स्चेंज प्रोग्रॅममधून आणि १९६५ ला इमिग्रेशनचा कायदा बदलल्यावर तर हजारोंनी नर्सेस इकडे आल्या, नाइट शिफ्ट करून गावी पैसे पाठवत राहिल्या. आणि कोविड आठव. अमेरिकेतल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो साधारण ४ टक्के, पण सप्टेंबर २०२० पर्यंत कोविडने गेलेल्या नर्सेसमध्ये जवळपास एक तृतीयांश त्याच होत्या, हे नर्सेसच्या युनियननेच मोजलं होतं. सासूबाईंच्या ओळखीतलंही कुणी गेलं असेल. मुलगा कमी पडेल म्हणून नाही, त्याला तिथे पाठवायची हिंमत होत नाही म्हणून त्या अडवत असतील. त्याने एकदा त्यांच्याजवळ बसून विचारावं, कुठल्या वॉर्डात काम केलंत, कंबर कधीपासून दुखतेय, आणि परत संधी मिळाली तर हेच कराल का. मधे बोलू नये, नुसतं ऐकावं.

आता त्याचं. आजीचं करणं वेगळं आणि बारा तासांच्या शिफ्टमध्ये अनोळखी माणसांचं करणं वेगळं, ते आधी बघून घेऊ दे. कॅलिफोर्नियात नर्सिंग असिस्टंटचा कोर्स किमान १६० तासांचा असतो, तो करून वीकेंडला एखाद्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना सांभाळणाऱ्या केंद्रात, काम करू दे, नोकरी आत्ता सोडायची गरजच नाही. तरी मन तिथेच राहिलं तर ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी हे विषय कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात होतात. त्याची एक डिग्री आहेच, त्यामुळे नर्सिंगची फास्ट डिग्री साधारण वर्ष-दीड वर्षात होते, पण ती महाग आणि तेवढ्या काळात नोकरी जवळपास अशक्य. कम्युनिटी कॉलेजचा दोन वर्षांचा कोर्स बराच स्वस्त, फक्त सीट मिळायला थांबावं लागतं. लायसन्सची परीक्षा दोन्हीकडून एकच, एनक्लेक्स, म्हणून मी असते तर स्वस्तातला रस्ता धरला असता.

तुझी भीती कशाची आहे ते पत्रात तू लिहिलंच नाहीस गं. पैशाची असेल तर दोघं बसून तुझ्या एकटीच्या पगारावर घराचं भाडं, इन्शुरन्स, फी सगळं कागदावर मांडा, आणि जमत नसेल तर त्याला आत्ताच सांग, ॲडमिशन झाल्यावर नको.