‘मशीन घेत नाही, मी काय करू?’

‘आक्का, नमस्कार. मी गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. नऊ वर्षं झाली. सातबारा, दाखले, पीक विमा, केवायसी, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले आणि आधारवरून पैसे काढून देणं. दिवसाला साठ-सत्तर माणसं येतात. दिवाळीच्या आधी गावातली एक म्हातारी निराधारचे पैसे काढायला चार दिवस येत होती. सगळं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. अंगठा काही जुळेना. चौथ्या दिवशी मी मान वर न करता म्हणलं, “मावशी, मशीन घेत नाही, मी काय करू?” ती गेली आणि अर्ध्या तासानं परत आली. हापशावर जाऊन दगडानं हात घासून आली होती. “आता बघ बाबा, साफ केलाय.” बोटं लालभडक झाली होती. तरी जुळला नाही. माझी बायको डबा घेऊन आली होती, तिनं हे बघितलं. रात्री म्हणली, “तुम्ही तिच्या तोंडाकडं एकदा पण बघितलं नाही.” तेव्हापासून झोप लागत नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल बघत पडतो. आपण पण मशीनच झालो असं वाटतं. दुकान बंद करावं, तीन एकर आहे ती कसावी, साधं जगावं असं डोक्यात येतं. तुम्हीच सांगा. (पैसे काढायचे मी हजाराला दहाच घेतो, बाकीचे वीस घेतात.)’

लेकरा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दोन ठिकाणी अडकले. एक, म्हातारीनं हात घासला तिथं. दुसरं, शेवटच्या कंसात. कंसाकडं नंतर येते.

त्या मावशीनं हात का घासला, याचा तू विचार केलास का? तू म्हणालास ‘मशीन घेत नाही’, आणि तिनं ऐकलं ते असं, की माझ्या हातातच काहीतरी खोट आहे, घाण आहे. जन्मभर मुकादमानं, सावकारानं, दवाखान्यातल्या बाईनं तिला हेच ऐकवलं असणार. मशीननं घेतलं नाही म्हटल्यावर दोष आपलाच, असं तिनं विनातक्रार धरून टाकलं. तुझी झोप उडवली आहे ती या गोष्टीनं. तुझी बायको शहाणी आहे, तिनं नेमकं बोट ठेवलं.

खरं काय ते तुला माहीत आहे, पण तिला कुणी सांगितलेलं नाही. कोयत्याची मूठ, उसाच्या पाचटाची धारदार पानं, मोळ्या बांधणं, यानं बोटांवरच्या रेषा झिजतात. तरण्या माणसाला काही आठवडे विसावा मिळाला तर त्या पुन्हा उमटतात. म्हातारपणी कातडी कोरडी पडते, सैल होते, रेषा सपाट होतात, मग काचेवर ठसा धड उठतच नाही. वेचणीला जाणाऱ्या बाया, गवंडी, वीटभट्टीवरची माणसं, सगळ्यांचं थोड्याफार फरकानं हेच. देशातलं पहिलं आधार आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला. इतक्या वर्षांत तुझ्यासमोरच्या डबीला अजून एवढं कळत नाही की समोर चोर आहे का राबून राबून हात झिजलेली बाई. दोघांनाही ती एकच लाल अक्षरं दाखवते.

म्हणून पहिली गोष्ट. ‘मशीन घेत नाही’ हे वाक्य तोंडातून काढून टाक. त्याऐवजी तिच्याकडं बघून म्हण, ‘मावशी, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. कामानं रेषा झिजल्यात, ह्या यंत्राला त्या दिसत नाहीत.’ दहा सेकंद लागतात. दिवसाला सत्तर माणसं असली तरी अंगठा न जुळणारी किती असतील? सात-आठ धर. तेवढा वेळ तुझ्याकडं आहे.

आता माझं सांगते, म्हणजे मी उंच पाटावर बसून बोलतेय असं तुला वाटायला नको.

मी बँकेच्या काउंटरवर बत्तीस वर्षं काढली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर जिल्ह्यातल्याच एका शाखेत होते. पुढच्या वर्षी नुकसानभरपाईचे पैसे खात्यात यायला लागले आणि एक शेतकरी पैसे काढायला आला. उजवा हात भिंतीखाली सापडलेला, बोटं वाकडी झालेली. त्यानं सही केली. मी नमुना सहीचं कार्ड काढलं, दोन्ही सह्या शेजारी धरल्या आणि स्लिप परत सरकवली. ‘सही जुळत नाही.’ त्यानं पुन्हा केली, मी पुन्हा परत केली. माझ्यासमोर कुठलं मशीन नव्हतं रे. कागदाचं एक कार्ड होतं, पण मी त्याच्याआड तुझ्यासारखीच लपले. मग आमचा शिपाई, सातवी शिकलेला, हळूच जवळ आला आणि म्हणाला, ‘बाई, सही जुळत नाही खरं, पण माणूस तर जुळतोय ना?’ त्यानं त्या माणसाला बाकावर बसवलं, शाईचं पॅड आणलं, डाव्या हाताचा निशाणी अंगठा घेतला, ओळखीचा साक्षीदार बाहेरून बोलावला. दहा मिनिटांत काम झालं. नियम मला पाठ होता, त्याच्यापेक्षा जास्त पाठ होता. तो कधी वापरायचा ते त्याला माहीत होतं.

पुढं ‘सही जुळत नाही’चं ‘लिंक नाही’ झालं, मग ‘सर्व्हर डाऊन’ झालं, आता ‘मशीन घेत नाही’. त्यामुळं आपण मशीन झालो वगैरे मला पटत नाही. मान खाली घालून ‘मी काय करू’ म्हणायची खोड माणसाची आहे आणि फार जुनी आहे. यंत्र आल्यानं ती बिनबोभाट निभते, एवढंच. कार्ड धरून मी नाही म्हणाले तेव्हा निदान त्या शेतकऱ्याला माझ्यावर चिडता तरी आलं. डबीवर कोण चिडणार? म्हणून मावशी स्वतःच्या हातावर चिडली.

आता कामाचं बोलते. तुझा धंदा बटणं दाबायचा आहे असं तू धरून चालतोस. बटणं तुझी पोरगीही दाबेल. तुझी खरी विद्या दुसरी वाट माहीत असण्यात आहे. अंगठा नाही जुळला तर आधी काच पूस, तिचा हात कोमट पाण्यानं धुवून कोरडा करायला सांग (दगड नको!), मग दुसरी बोटं लावून बघ, बहुतेकांचं एखादं बोट शाबूत निघतं. त्यानंही नाही झालं तर कामाप्रमाणं वाट बदलते. रेशनची केवायसी आता मोबाईलवर चेहरा दाखवून होते. पीएम किसानची पण तशी होते, आणि ती घरी जाऊन दुसऱ्याचीही करून देता येते. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखलाही चेहऱ्यावर निघतो. काही रेशन दुकानांच्या मशीनवर डोळ्याची बुबुळं घेतात. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपी आहे. आणि आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्यानं देता येतात, तिला एकदा तिथवर घेऊन जाणारं माणूस तेवढं पाहिजे.

पण निराधारच्या पैशाला यातलं काहीच लागत नव्हतं. ते पैसे तिच्या बँकेतल्या खात्यात पडलेले होते. पासबुक घेऊन शाखेत गेली असती तर स्लिपवर शाईचा अंगठा आणि एक साक्षीदार, संपलं. तो रस्ता आजही बंद झालेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमात तर असंही आहे, की आजारी, म्हाताऱ्या खातेदाराच्या हाताचा ठसा उठत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा चालतो, दोन साक्षीदार हवेत आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस. हे ज्यानं कुणी लिहिलं, त्याच्या डोळ्यासमोर हात नसलेला माणूस उभा होता. मला त्या अनोळखी बाबूबद्दल फार आदर आहे. शिवाय सत्तरीपुढच्यांना आणि अपंगांना बँकेनं घरी येऊन पैसे द्यावेत असं रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळ्या बँकांना सांगितलेलं आहे. बँका होऊन ते सांगत नाहीत, मागावं लागतं. अर्ज लिहून देणं हे तुझ्याच टेबलावरचं काम आहे. आणि कुणी अंगठा जुळला नाही म्हणून थेट हक्कच नाकारला, तर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर स्पष्ट सांगितलंय, खऱ्या लाभार्थ्याला एवढ्या कारणानं वंचित ठेवायचं नाही. हे तोंडपाठ ठेव, तहसीलमध्ये उपयोगी पडतं.

मग मावशीला बँकेत जा असं तू चार दिवसांत एकदाही का सांगितलं नाहीस?

शाखा लांब आहे, रांग असते, ते खरं. पण आता कंसाकडं ये. हजाराला दहा. आधारवरून पैसे काढून दिल्याचं कमिशन तुला बँकेकडून मिळतं, गिऱ्हाइकाकडून वेगळं घ्यायचं नसतं, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणून तर ते कंसात गेलं. पत्रात दुसरं काहीही तू कंसात लिहिलेलं नाहीस. बाकीचे वीस घेतात म्हणून दहा धर्माचे होत नाहीत. मावशी बँकेत गेली असती तर तिच्या दीड हजारावरचे तुझे पंधरा रुपये गेले असते. तू पंधरा रुपयांसाठी तिला अडवलंस असं मी म्हणत नाही, तू तसा नाहीस, नाहीतर लिहिलंच नसतंस. पण ते पंधरा रुपये कुठंतरी मधे बसलेले होते, आणि त्यांनी तुझ्या तोंडावर हात ठेवला.

उद्यापासून ते बंद. दरफलक आहे तो असा लाव की म्हातारीच्या नातवाला वाचता येईल. पैसे दिले की पावती दे आणि आकडा मोठ्यानं वाचून दाखव, खात्यात किती राहिले तेही सांग. महिन्याची मिळकत कमी होईल, खोटा धीर देत नाही. बायकोशी बस आणि हिशेब मांड. तिला हे दहा रुपये माहीत नसतील असं मला वाटत नाही.

शेतीचं म्हणशील तर मला हसू आलं. तीन एकर कसून तू या सगळ्यातून सुटशील? बांधावर उभं राहून मोबाईलवर ई-पीक पाहणी कोण करणार? २०२१ पासून ती मागं लागलीय. शेतकरी ओळख क्रमांक, विमा, अनुदानाची केवायसी, यासाठी तू अंगठा घेऊन दुसऱ्याच कुणाच्या तरी दुकानात उभा राहशील, आणि तो मान वर करणार नाही. शेती आवडत असेल तर जरूर कर. पळून जायला म्हणून करू नको, पाऊस तसाही आपल्याला कुठं विचारून येतो.

रात्रीच्या मोबाईलबद्दल जास्त लिहीत नाही. दिवसभर ज्या चौकोनाकडं बघून माणसांना टाळलं, रात्री त्याच्याचकडं बघून स्वतःला टाळतोयस. दुकान आवरलं की फोन दुकानातच चार्जिंगला लाव. अडीनडीला बायकोचा नंबर लोकांना दे.

आणखी एक, फुकटचं. तुझ्या पत्रावरून मला दिसतंय की संगणकाचा पडदा तुझ्याकडं आणि माणसं उभी. पडदा आडवा फिरव, म्हणजे येणाऱ्यालाही दिसेल काय चाललंय, आणि त्याच्या बाजूला वळल्याशिवाय तुलाही काम करता येणार नाही. समोर एक खुर्ची ठेव. बाक नको, त्यावर गावातली पोरं येऊन बसतात.

गंगाखेडचा आहेस. जनाबाईला सल्ला द्यायला म्हणून विठोबा आला नव्हता, जात्याच्या खुंट्याला हात लावायला आला होता. त्यामुळं मी लांबून एवढं लिहिलं त्याची किंमत तू ओळखून असशील.

मावशीचं काम अजून झालेलं नाही असं मी धरून चालते. तिला दुकानात बोलावू नको, तू तिच्या घरी जा. जाताना पासबुक सापडतंय का विचार, नसेल तर दुसऱ्या पासबुकासाठी अर्ज लिही. एखाद्या सकाळी गाडीवर बसवून शाखेत ने, साक्षीदार तूच हो. शाईचा अंगठा घेतला की बोट पुसायला बँकेत काही मिळत नाही, खिशात एक फडकं ठेव.

— आक्का