गारांची आठवण लिहिताना

तुमचा पहिला मसुदा वाचला. त्यातील ‘बर्फाची शुभ्र चादर’ आधी काढून टाकावी, कारण नाशिकमध्ये हिमवृष्टी होत नाही. आपल्या वाट्याला येतात त्या उन्हाळ्याच्या तोंडावरच्या गारा, किंवा निफाडकडे कडाक्याच्या थंडीत द्राक्षाच्या पानांवर गोठलेले दवबिंदू. मनालीचा बर्फ उसना आणण्यापेक्षा पत्र्यावरचा ताडताड आवाज लिहावा.

शक्य तेवढे जवळून पाहावे. लहानपणी आम्ही डोक्यावर पातेले धरून अंगणात धावत असू आणि मोठी गार मिळाली की ती विळीवर कापून पाहत असू. आत लासलगावच्या कांद्यासारखे पापुद्रे दिसत, एक दुधी, एक काचेसारखा. वादळी ढगातील वर चढणारा वारा गारेला उचलून धरतो आणि अतिशीत पाण्याचे, म्हणजे शून्य अंशाखाली जाऊनही न गोठलेल्या पाण्याचे, थर तिच्यावर गोठत जातात, हे कारण पुष्कळ वर्षांनी समजले. लेखात मात्र ते कारण एका वाक्यात आटोपावे, विळी सोडू नये. (आईचा ओरडाही ठेवावा.)

आठवण २०१४ ची असेल, तर महिना घरच्यांना विचारून घ्यावा. ती मोठी गारपीट फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये झाली होती. तेव्हा द्राक्षे काढणीला आलेली असतात. म्हणून आपण गारा वेचत असताना ओट्यावर गप्प बसलेले वडील तुमच्या मसुद्यात कुठेच नाहीत, ते मला खटकले. त्यांच्यासाठी दोन ओळी पुरतील, पण त्या खेळाच्या मध्येच याव्यात.