पीक भरघोस, पट्टी हलकी

प्रश्न : मी बारावीला अर्थशास्त्र शिकते. आमचे गाव निफाड तालुक्यात आहे. यंदा आमचा कांदा गेल्या वर्षीपेक्षा जास्त निघाला, तरी हातात पैसे कमीच आले. पुरवठा वाढला की भाव उतरतो हे मला कळते. पण जास्त माल विकून एकूण रक्कमच कमी कशी होते?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : मागणी आणि पुरवठा यांच्या आकृतीवरून भाव उतरेल एवढेच समजते. तो किती उतरेल, हे मागणीच्या किंमत लवचिकतेवर ठरते आणि नेमके हेच प्रकरण बहुतेक विद्यार्थी सूत्र पाठ करून मिटवून टाकतात. मागणीतील शेकडा बदलाला किंमतीतील शेकडा बदलाने भागले की लवचिकता मिळते. ती एकापेक्षा कमी असेल, तर मागणी कमी लवचीक समजावी. कांद्याची मागणी अशीच असते. भाव निम्मा झाला म्हणून कोणी भाजीत दुप्पट कांदा चिरत नाही आणि महागला तरी फोडणीतून तो सहसा हद्दपार होत नाही, कारण त्याची जागा घेणारा दुसरा जिन्नस स्वयंपाकघरात नाही.

आता समजण्यापुरते आकडे घेऊ. क्विंटलला 2,000 रुपये भावाने 100 क्विंटल विकल्यास 2,00,000 रुपये येतात. सगळीकडेच पीक 20 टक्क्यांनी वाढले आणि लवचिकता 0.4 असली, तर तेवढा जादा माल खपण्यासाठी भाव 50 टक्के उतरावा लागेल. म्हणजे 120 क्विंटलचे 1,000 रुपये दराने 1,20,000 रुपयेच होतील. काढणी, बारदान, गाडीभाडे यांचा एकूण खर्च मात्र प्रत्येक जादा क्विंटलबरोबर वाढतच जातो.

मग सर्वांनी कमी लागवड का करू नये, असे तुझ्या मनात येईल. लासलगावच्या लिलावात एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आला काय आणि न आला काय, त्या दिवसाचा दर हलत नाही. त्याच्यापुरती मागणी जणू पूर्ण लवचीक असते, म्हणजे चालू दराला तो हवा तेवढा माल विकू शकतो; त्यामुळे जास्त पिकवणे हेच त्याच्या हिताचे ठरते. हजारो शेतकरी असाच रास्त विचार करतात, तेव्हा सगळ्यांचे मिळून नुकसान होते. याला शेतकऱ्याचे अज्ञान म्हणणाऱ्यांनी अर्थशास्त्र नीट वाचलेले नाही, असे माझे मत आहे.

उत्तरपत्रिकेत आणखी एक घोटाळा नेहमी आढळतो. भाव उतरल्यामुळे खप वाढला, तर तो मागणीचा विस्तार; पण केंद्र सरकारने 8 डिसेंबर 2023 रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा परदेशी ग्राहकच बाजारातून वजा झाले, म्हणून तो मागणीतील ऱ्हास होय आणि तेथे संपूर्ण मागणी वक्र डावीकडे सरकतो. ही बंदी 4 मे 2024 रोजी उठली, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य (ज्याखालच्या दराने निर्यात करता येत नाही) आणि 40 टक्के निर्यात शुल्क लावून. त्यामुळे ती मागणी लगेच पूर्ववत होण्यासारखी नव्हती.

प्रश्न : भाव पडल्यावर शेतकरी माल रोखून का धरत नाहीत?
– एक वाचक

उत्तर : काही जण धरतात. येथे साठा आणि पुरवठा यांतील फरक पाहावा : चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमध्ये, आहे तो साठा, चालू भावाला विकायला काढला तो पुरवठा. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, तरी त्याचे वजन घटते, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. खरिपाचा लाल कांदा मात्र टिकतच नाही, म्हणून त्याच्या बाबतीत साठा आणि पुरवठा जवळपास एकच असतात. शिवाय सोसायटीचे कर्ज आणि पुढच्या पिकाचे बियाणे यांसाठी ज्याला आजच रोख पैसा हवा आहे, त्याला टिकाऊ मालही मिळेल त्या भावाने विकावा लागतो.