चूक झाली की आधी आपणच बोलावे

परभणी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. एका इंजिनावर विमान उतरवण्याच्या सरावात वेग वाढत चालल्याचे तुला दिसले, तू गुपचूप तो आवरू पाहिलास, आणि परीक्षकांनी तेवढा भाग अपुरा ठरवून तुला पुन्हा प्रशिक्षणास पाठवले. यावर तुझा प्रश्न एवढाच, की पुढच्या वेळी ते कोणता बिघाड देतील हे आधी कसे कळावे. तो वाचून मला राग आला, हे लपवत नाही.

अमुक परीक्षक अमुक देतात, अशा याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात हे मला ठाऊक आहे. दर सहा महिन्यांच्या पीपीसीत, म्हणजे वैमानिकाच्या कौशल्य-तपासणीत, लपलेले असते तरी काय? व्ही-वनपाशी, म्हणजे ज्या वेगानंतर उड्डाण सोडता येत नाही तिथे, इंजिन बंद पडणे, धावपट्टीवरच उड्डाण सोडून देणे, एका इंजिनावर आयएलएस, म्हणजे धावपट्टीच्या रेडिओ-संकेतांवर खाली येणे, तेथून गो-अराउंड, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाणे, आणि आधी तोंडी प्रश्न. थोडीफार चूक खपते. काटा सरकल्यावर तू काय करतेस, हे परीक्षक पाहत असतो. "स्पीड" एवढा एक शब्द मोठ्याने उच्चारला असतास, तर शेजारचा मदतीला आला असता, आणि तरीही विमान स्थिर झाले नसते तर गो-अराउंड तुझ्या हातात होताच. चूक झाली की आधी आपणच बोलावे.

एका तपासणीत मी ठरलेल्या उंचीच्या दोनशे फूट वर गेलो, तेव्हा परीक्षक नेमके कागदावर काही लिहीत होते. मी नाक हळूच खाली घेतले, आवंढा गिळला आणि उत्तीर्ण झालो. गप्प राहिले की निभते, हा धडा मला पुढे बरीच वर्षे पुरला. मग एका पावसाळी रात्री ओल्या धावपट्टीवर मी जास्त वेगात आलो, विमान तरंगत लांब गेले आणि टोकाचे लाल दिवे अगदी नाकाशी आल्यावर थांबले. सहवैमानिकाला सारे दिसत होते. तोही गप्प होता, कारण गप्प राहणे तो माझ्याकडूनच शिकला होता. उतरताना एका आजोबांनी मला हात जोडले.

आपल्याकडे २६ एप्रिल १९९३ चा, तेव्हाच्या औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरचा अपघात अजून कापसाच्या ट्रकचा अपघात म्हणूनच सांगतात. उन्हाळ्यातल्या दुपारी निघालेले बोइंग ७३७ धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले आणि ५५ माणसे गेली. रस्त्यावरची वाहतूक न थांबवल्याचा ठपका चौकशीत आला, तसा विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलल्याचाही आला. मीसुद्धा कितीतरी वर्षे टपरीवर ट्रकाबद्दलच बोलत असे. आपल्या धंद्याचा वाटा आधी सांगायला जीभ रेटत नाही.

पुढे मी परीक्षक झालो आणि लोक मला खडूस म्हणू लागले. दोनशे फूट चुकून तत्क्षणी सांगणाऱ्याला मी पास केले, आणि त्याहून कितीतरी कमी चुकून लपवणाऱ्याला परत पाठवले. त्यावरून तक्रारीही झाल्या. नियमाच्या काटेकोर अर्थाने तक्रारदारांचे म्हणणे कदाचित बरोबर असेल, पण ती पावसाळी रात्र त्यांनी पाहिली नव्हती. आजही मी तसेच करीन.

पुनर्प्रशिक्षणाच्या आदल्या संध्याकाळी फोन बाजूला ठेव, खुर्चीत बसून ते उतरणे डोळ्यांसमोर आण आणि वेग, उंची, दिशा जिथे जिथे सुटेल तिथे मोठ्याने बोल. आई विचारील, एकटीच काय बडबडतेस, तिलाही सांग. तपासणी झाल्यावर निकाल नंतर कळव, आधी किती वेळा तोंड उघडलेस ते लिही.

तुझा,
जुना शिक्षक