गाडीचा दवाखाना : लांबी लावली, गंज आत तसाच

प्रश्न : नमस्कार. आमची मारुती 800 आहे, 2006 ची, पांढरी. घर रत्नागिरीला समुद्राच्या अगदी जवळ. मागच्या चाकाच्या कमानीवर आणि ड्रायव्हरच्या दाराला खालून रंगाचे फोड आलेत. दोन वर्षांपूर्वी एकाकडे टचअप करून घेतलं, एक पावसाळा गेला नि परत तिथेच फुगलं. बाबांची गाडी आहे त्यामुळे विकायची नाहीये. कंप्रेसर नाही, स्प्रेच्या डब्याने घरी जमेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जमेल, पण डबा नंतर आणा, आधी एक जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि फोडावर टोक दाबून बघा. पत्रा कडक लागला तर काम तुमचं. टोक आत गेलं तर ते काम वेल्डिंगवाल्याचं, तिथे पेपर कोंबून वरून लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, फासायची नाही. दाराखालची पट्टी, सीटबेल्टचे बोल्ट, सस्पेन्शन बसतं ती जागा, इथे गंज लागला असेल तर घरी हात घालूच नका, गाडीची ताकद तिथे असते.

आता परत का फुगलं ते. पत्रा गंजला की तो गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणून वरचा रंग उचलला जातो, आणि वर वाटाण्याएवढा फोड दिसतो तेव्हा खाली लिंबाएवढं गंजलेलं असतं. बहुतेक टचअपवाले तेवढा वाटाणा घासतात, लांबी भरतात, रंग मारतात. त्यात लांबी पाणी शोषते, त्यामुळे ती ओल्या पेपरने घासली आणि नीट वाळू न देता रंग मारला की पाणी आतच कोंडलं म्हणून समजा. तुमच्याकडे हेच झालं असणार असा माझा अंदाज.

आणि दाराचं म्हणाल तर ते बहुतेक आतून गंजलंय. काचेच्या रबरातून पाणी दारात जातंच, ते बाहेर पडायला तळाला बारीक भोकं असतात आणि ती माती-पाल्याने बुजतात, मग दार म्हणजे पाण्याची टाकी. तारेने भोकं मोकळी करा. कमानीची कडा आतल्या बाजूला वळलेली असते, त्या खाचेत चिखल बसतो आणि तुमच्याकडे त्यात खारी हवा, तो पाईपने धुऊन काढा आणि दोन दिवस उन्हात वाळू द्या. हे न करता कितीही भारी रंग मारलात तरी पुढच्या गणपतीला परत फोड.

मग खरवडा. 80 नंबरचा पॉलिश पेपर नाहीतर ड्रिलला तारेचा ब्रश, आणि चकचकीत पत्रा दिसेपर्यंत, फोडाच्या चारी बाजूंनी दोन-तीन इंच जास्तच. चष्मा आणि मास्क लावा, पेट्रोलच्या झाकणाच्या बाजूला ग्राइंडरच्या ठिणग्या नकोत. खड्ड्यात काळे ठिपके उरतातच, त्यावर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेला गंज मारायचं औषध, लावा, किती वेळ ठेवायचं आणि धुवायचं की नाही ते बाटलीवर असतं तसंच करा. वाळलं की थिनरच्या फडक्याने पुसून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मारा, उद्यावर ढकलू नका, कोकणात उघडा पत्रा रात्रीत लालसर होतो. हा प्रायमर दोन भाग मिसळून ब्रशनेही लागतो.

लांबी प्रायमरच्या वर, पातळ, दोन-तीन मिलिमीटरच्या वर नाहीच. लांबी घट्ट करायला त्यात मिसळायचा हार्डनर पाकिटावर लिहिलाय तेवढाच. 120 ने मग 220 ने, लाकडाच्या ठोकळ्यावर पेपर गुंडाळून आणि कोरडंच घासा. परत प्रायमर, तो मात्र 600 च्या वॉटर पेपरने, आणि पुसून पूर्ण वाळवा. रंग कंपनीच्या रंगाच्या कोडप्रमाणे डब्यात भरून देणारी दुकानं असतात पण तुमचा पांढरा आता पिवळसर झाला असणार, तेव्हा पेट्रोलच्या टाकीचं झाकण सोबत न्या नि त्यावरून जुळवून घ्या. आठ-दहा इंचांवरून हलके हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबून. एका हातातच झाकायला गेलात की ओघळ आलेच.

आणि हे सगळं दिवाळीनंतर. पावसाळी दमट हवेत रंग पांढुरका पडतो, अर्थात पांढऱ्या गाडीवर तुम्हाला ते दिसणारही नाही पण चमक गेलेली असेल. शेवटी दाराच्या आत मेणाचा स्प्रे मारा. जळकं ऑइल मारणारे पण आहेत, गंज थांबतो त्याने, पण रबरं फुगतात आणि अंगणात डाग पडतात.

प्रश्न : जुन्या चेतकच्या पाय ठेवायच्या जागेचा पत्रा सडतोय, तिथे रबराची मॅट आहे.
– कोल्हापूर

उत्तर : मॅटच काढा, पाणी तिच्याखालीच साठतंय. चेतकची बॉडीच चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, असते, त्यामुळे भोक पडलं असेल तर वेल्डिंगशिवाय चालवू नका.

प्रश्न : कोकने गंज जातो म्हणतात, खरं का?
– पुणे

उत्तर : त्यात थोडं फॉस्फोरिक ॲसिड असतं त्यामुळे एखादा नट-बोल्ट रात्रभर बुडवून ठेवलात तर सुटतो. दारावर ओतलंत तर साखर चिकटेल आणि मुंग्या येतील.