अमेरिकेत काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा उमेदवार ‘मी पोलिसांच्या पाठीशीच आहे’ म्हणतो, तेव्हा खरं-खोटं कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न असा, की विरोधक म्हणतो ‘यानं पोलिसांचे पैसे कापले’, उमेदवार म्हणतो ‘मी तर पोलिसांसाठी पैसा आणला’, आणि दोघंही पुरावा दाखवतात. मग धरायचं कोणाचं? बहुतेक वेळा दोन्ही पुरावे खरेच असतात, पण अर्धे.

सगळ्यात आधी, ज्या निर्णयावरून वाद आहे त्या वेळी उमेदवार कोणत्या खुर्चीत होता ते बघा. आपल्याकडे पोलीस राज्याच्या गृहखात्याखाली असतात. तिकडे सुमारे १८ हजार वेगवेगळ्या यंत्रणा आहेत आणि शहर पोलिसांचा पगार मुख्यतः शहरच देतं. त्यामुळे बजेटला थेट कात्री लावू शकते ती नगरसभा. वॉशिंग्टनमधला खासदार फार तर अनुदान वाढवतो, अडवतो किंवा त्याला अटी घालतो.

उमेदवार पूर्वी नगरसेवक असेल, तर बजेटचा ठराव उघडून आकडा फोडून बघाच. टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहराचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या नगरसभेनं सुमारे ४३.४ कोटी डॉलरच्या पोलीस बजेटमधून १५ कोटी कमी करण्याचा ठराव एकमतानं केला. ‘एक तृतीयांश कापले’ ही जाहिरात तिथून आली. पण त्यातले लगेच कापले गेले ते दोनेक कोटी, मुख्यतः नव्या भरतीच्या प्रशिक्षण तुकड्या रद्द करून. सुमारे आठ कोटींची कामं, म्हणजे न्यायवैद्यक प्रयोगशाळा, ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाचा कॉल कक्ष वगैरे, पोलीस खात्यातून काढून दुसरीकडे द्यायची होती. खर्च तोच, फक्त खातं वेगळं. उरलेला भाग पर्यायी उपाययोजनांसाठी बाजूला ठेवला. पुढच्या वर्षी टेक्सासनं मोठ्या शहरांना अशी कपात करण्यापासून रोखणारा कायदा केला आणि ऑस्टिननं रक्कम पूर्ववत केली. त्या ठरावामागचे एक प्रमुख नगरसेवक ग्रेग कसार २०२२ मध्ये काँग्रेसवर निवडून आले. त्यांच्यावरचा ‘एक तृतीयांश’चा आरोप आणि ‘बरीचशी रक्कम नुसती हलवली’ हा बचाव, दोन्ही एकाच ठरावातून निघतात. भरती थांबली होती, हे मात्र बचाव करणारे सहसा सांगत नाहीत.

विद्यमान खासदार असेल तर विधेयकाचा क्रमांक मागा. क्रमांक न देता ‘पोलिसांच्या विरोधात ५ वेळा मतदान’ असं छापलं असेल, तर ते बाजूला ठेवा. क्रमांक मिळाला की काँग्रेस डॉट गव्हवर विधेयकाचा मजकूर आणि प्रतिनिधिगृहाच्या (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या) क्लार्क या अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर मतांची नोंद मिळते. नोंदीत नावांच्या वर, मत कशावर घेतलं ती ओळ असते. ती आधी वाचा. ‘ऑन पॅसेज’ म्हणजे विधेयकावरचं अंतिम मत. ‘मोशन टू रिकमिट’ म्हणजे विधेयक समितीकडे परत पाठवण्याचा प्रस्ताव, आणि तो बहुधा विरोधकांचा डाव असतो. त्यावरचं पक्षादेशाचं मत उचलून जाहिरात बनवणं हा जुना धंदा आहे.

मोठ्या विधेयकांत घोळ आणखी वाढतो. मार्च २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन या कोविड मदत कायद्यात राज्यं आणि स्थानिक संस्थांसाठी ३५० अब्ज डॉलर होते. त्यातून पोलीस भरती करायला अर्थखात्याच्या नियमांनी मुभा दिली, पण तेवढी रक्कम काही पोलिसांसाठी राखीव नव्हती. एकाही रिपब्लिकननं त्याला मत दिलं नाही. म्हणून ‘रिपब्लिकनांनी पोलिसांचा पैसा नाकारला’ हे ताणलेलं, आणि ‘मी ३५० अब्ज पोलिसांना दिले’ हे त्याहून ताणलेलं.

अनुदान मंजूर करणारं विधेयक आणि प्रत्यक्ष पैसा देणारं विधेयक वेगळं असतं, आणि एका सभागृहात मंजूर झालेलं विधेयक कायदा होईलच असं नाही, हेही लक्षात ठेवा. लहान पोलीस खात्यांसाठीचं ‘इन्व्हेस्ट टू प्रोटेक्ट’ विधेयक सप्टेंबर २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६० विरुद्ध ६४ मतांनी मंजूर झालं, पण त्या काँग्रेसच्या मुदतीत त्याचा कायदा झाला नाही. त्याच्या बाजूनं मत दिलं हे खरं; त्यातून एक डॉलरही हातात पडला नाही, हेही खरं.

‘मी आणलं’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या अनुदानांत बर्न जॅग हा केंद्र सरकारचा निधी लोकसंख्या आणि हिंसक गुन्ह्यांच्या सूत्रानं वाटला जातो. खासदार कोणीही असो, तो येतोच. केंद्राच्या न्याय खात्यातल्या ‘कॉप्स’ या कार्यालयाचं पोलीस भरती अनुदान स्पर्धेतून मिळतं. त्यात नवख्या पोलिसाच्या पगार-भत्त्यांचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च ३ वर्षं मिळतो, एका जागेमागे कमाल १ लाख २५ हजार डॉलर. बाकी भार शहरावर, आणि मुदत संपल्यावर ती जागा किमान १२ महिने स्वतःच्या पैशानं टिकवावी लागते. काही शहरं अर्जच करत नाहीत ती यामुळे.

राहिला संघटनांचा पाठिंबा. व्हॅल डेमिंग्ज ऑरलँडोच्या माजी पोलीस प्रमुख. २०२२ मध्ये सिनेटसाठी लढताना त्यांनी पोलिसांचा निधी कापण्याची मागणी जाहिरातीतून धुडकावली. तरीही फ्लोरिडाच्या मोठ्या पोलीस संघटना त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी मार्को रुबिओंमागे गेल्या. डेमिंग्ज यांनी प्रतिनिधिगृहात असताना २०२१ मध्ये जॉर्ज फ्लॉइड विधेयकाला, म्हणजे पोलिसांच्या कारवाईत मेलेल्या फ्लॉइडच्या नावाच्या पोलीस सुधारणा विधेयकाला, मत दिलं होतं. गळा आवळण्यावर बंदी आणि पोलिसांवर दिवाणी दावे लावणं सोपं करणारी तरतूद त्यात होती, आणि तिला पोलीस संघटनांचा विरोध आहे. संघटनेच्या शिफारशीत निधीइतकंच वजन अशा कायदेशीर संरक्षणाला असतं. म्हणून शिफारस वाचताना संघटनेनं उमेदवारांना पाठवलेली प्रश्नावली मिळाली तर तीही बघा. पैशाचा विषय त्यात किती आहे ते लगेच कळेल.